कुंभाराचा नियमभंग

मराठी समीक्षेत एखाद्या कवीस ‘कारागीर’ म्हटले की त्याची बोळवण झाली, असे समजण्याचा प्रघात आहे. ह्या प्रघातास तात्त्विक आधार शोधू जाणाऱ्याच्या हाती बहुधा आर. जी. कॉलिंगवुड ह्यांचा ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ (१९३८) हा ग्रंथ लागतो. आपण काय घडविणार हे कारागिरास आधीच ठाऊक असते, कलावंतास ते घडविता घडविताच उमगते, हा त्यातील प्रतिपादनाचा मथितार्थ होय. भेद आकर्षक आहे. परंतु तो मांडणाऱ्याने कुंभाराच्या भट्टीसमोर फार वेळ काढला नसावा, अशी शंका आल्यावाचून राहत नाही.

लोहयुक्त झिलई मोकळ्या हवेत भाजली तर पिवळट-तपकिरी होते. तीच प्राणवायू कोंडलेल्या ज्वाळेत हिरवी छटा धारण करते. तांब्याचे याहून निराळे: मोकळ्या हवेत ते हिरवे, तर कोंडलेल्या ज्वाळेत लाल. झिलई खालच्या मातीपेक्षा अधिक आकसली की तिच्यावर तडे उमटतात. शास्त्राप्रमाणे हा दोषच. पण सुंग काळातील चिनी ‘गुआन’ भांड्यांवर हेच तडे मुद्दाम जोपासलेले दिसतात. तिथे नियम मोडला आहे असे म्हणावे, तर तडा कशाने जातो ह्या नियमाचे इतके काटेकोर पालन अन्यत्र क्वचितच आढळेल. मोडला आहे तो तडा म्हणजे दोष हा संकेत. नियम आणि संकेत ह्यांतील ही तफावत नवकाव्याच्या वादात दोन्ही पक्षांनी पुरेशी ध्यानात घेतली नाही.

सिंधी घराण्यात जन्मलेल्या आणि पटवर्धनांच्या मराठी घरात सून म्हणून आलेल्या निर्मला पटवर्धन (१९२८–२००७) ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने मननीय आहे. चित्रपटकार आनंद पटवर्धन ह्यांच्या त्या मातोश्री. शांतिनिकेतनात शिकलेल्या ह्या कुंभारकलावतीने ‘अ हँडबुक फॉर पॉटर्स’ हा ग्रंथ १९८४ साली लिहिला आणि पंचाहत्तरी ओलांडल्यावर, २००५ साली, तो नव्याने सिद्ध केला. वरकरणी असा ग्रंथ म्हणजे नियमांची पोथी. परंतु झिलईचे प्रमाण गावोगावच्या मातीशी, राखेशी आणि भट्टीशी बांधलेले असते. ते दुसऱ्याच्या हाती गेले की पुन्हा पारखून घ्यावे लागते. दीर्घकाळ काम करणाऱ्याची प्रेरणा आटत का नाही, ह्याचे उत्तर येथे मिळण्याजोगे आहे. नियम पाठ झाला म्हणून संपत नाही. दर भट्टीगणिक तो नवा प्रश्न होऊन समोर येतो. उत्स्फूर्ततेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी ही पोथी जरूर चाळावी.

आता आपल्याच परंपरेकडे पाहावे. तेरच्या गोरोबांच्या दोन कथा महाराष्ट्रास ठाऊक आहेत. महिपतीच्या ‘भक्तविजया’ने (१७६२) घरोघरी पोहोचविलेली पहिली कथा चिखल तुडविताना पायाखाली सापडलेल्या तान्ह्या बाळाची. तन्मयतेचा परमोच्च क्षण म्हणून ती सांगितली जाते. भक्तीच्या परिभाषेत ते योग्यही असेल. परंतु माती मळणाऱ्याचे पाय हेच त्याचे डोळे असतात. खडा, काडी, गाठ पायालाच कळते. त्या क्षणी गोरोबांतील कुंभार गैरहजर आहे. काव्यप्रतिभेचे रूपक म्हणून ह्या कथेचा आधार घेणाऱ्यांनी तिची किंमतही लक्षात घ्यावी.

दुसरी कथा अधिक सूक्ष्म आहे. मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबा थापटणे घेऊन संतमंडळींच्या डोक्यांवर ठोकीत जातात, आणि कुरकुरणारा नामदेव कच्चा ठरतो. गोरोबांच्या नावावर असलेल्या मोजक्या अभंगांत चाकाचा नि आव्याचा फारसा मागमूस नाही. तेथे निर्गुणाची परिभाषा आहे. कुंभाराची काव्यदृष्टी शोधावयाची तर ती ह्या कथेतच शोधावी लागते. भाजलेले मडके पारखावयाचे ते बोटाच्या पेराने, नाद ऐकून. थापटणे हे पारखण्याचे साधन नव्हे. ओल्या मडक्याचे अंग पातळ करून ते फुगविण्याचे साधन आहे. म्हणजे गोरोबा दुहेरी नियमभंग करतात: मडक्याची कसोटी माणसास लावतात, आणि घडविण्याच्या साधनाने पारख करतात. ज्या ठोक्याने नामदेव कच्चा ठरला, त्याच ठोक्याने त्याची घडणही सुरू झाली, असा अर्थ त्यातून निघतो.

मात्र कुंभारवाड्यातील एक नियम येथेही अबाधित आहे. बाहेरून थापटणे पडत असता आतून हाताचा आधार लागतो; तो नसेल तर भिंत दबते, चिरते. नामदेवास बाहेरचा ठोका मिळाला होता, आतला हात नव्हता. त्यानंतरच तो विसोबा खेचरांकडे गेला.