खोडदची रेडिओ दुर्बीण : रचना, परिचालन आणि मराठी विज्ञानलेखन

प्रस्तावना :
जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीविषयीच्या मराठी लेखनात ‘प्रचंड’ आणि ‘कमी खर्चाची’ ही दोन विशेषणे वारंवार आढळतात. ती असत्य नाहीत. परंतु त्यांमुळे दुर्बिणीमागील विचार झाकला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रचना :
येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्यांपैकी 14 मध्यभागी एकवटल्या असून उर्वरित 16 तीन भुजांवर सुमारे 25 किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप (1929–2020) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकडीसाठी भरीव पत्रा न वापरता ताणलेल्या तारदोरांवर बारीक पोलादी तारांची जाळी बसविली. जाळीची छिद्रे 1 ते 2 सेंटीमीटरची, तर टिपावयाच्या लहरी सुमारे 21 सेंटीमीटर व त्याहून लांब. साहजिकच लहरींना ही जाळी आरशासारखी असते. वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला व खर्च घटला. मात्र याच निवडीमुळे अतिलघू लहरींचे क्षेत्र सोडून द्यावे लागले. ही मर्यादा न सांगता केलेली काटकसरीची स्तुती अपुरी ठरते.

परिचालन :
दुर्बीण उभारली म्हणजे कार्य संपले, असेही नव्हे. 30 अँटेनांच्या 435 जोड्यांतील संकेतांची सांगड घालून आकाशाचे चित्र गणिताने सिद्ध करावे लागते. 2010 नंतरच्या दशकातील नूतनीकरणात तबकड्या त्याच राहिल्या. ग्राहक व संगणकीय यंत्रणा बदलली आणि एका वेळी टिपता येणारा वारंवारतेचा पट्टा 32 वरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत वाढला.

या दुर्बिणीला रेडिओ-शांतताही हवी. मोबाइल मनोरे व वीजवाहिन्या क्षीण संकेत झाकोळून टाकतात. 2020 नंतरच्या दशकात पुणे–नाशिक रेल्वेमार्गाची आखणीही याच कारणाने अडली. शांततेची किंमत परिसरातील लोकही मोजतात. तिचे कारण त्यांना त्यांच्या भाषेत कळणे हा परिचालनाचाच भाग मानावयास हवा.

समारोप :
सारांश, मराठी विज्ञानलेखनाने आकडे मोजण्यापलीकडे जाऊन काय साधले, काय सोडले आणि त्याचा भार कोणावर पडला, हे तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. अभिमान त्याने उणावणार नाही. तो डोळस होईल.