जीवशास्त्राचे क्रमिक पुस्तक आणि रक्ताचा प्रश्न

क्रमिक पुस्तकांची समीक्षा आपल्याकडे झाली ती बहुतेक मराठीच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांची. कोणाचा धडा घेतला, कोणाचा गाळला, यावर आपण भांडलो आणि ते भांडण रास्तच होते. विज्ञानाचे पुस्तक मात्र निरुपद्रवी समजून सोडून दिले. बेडकाला जात नाही, वाटाण्याला जात नाही, मग तिथे भांडायचे कशाशी? माझे म्हणणे असे की, जातीविषयीचा अत्यंत नेमका पुरावा ज्या पुस्तकात यायला हवा ते बारावीचे जीवशास्त्र आहे, आणि तिथेच तो नाही.

राज्य मंडळाचे २०२० सालचे पुस्तक घ्या. आनुवंशिकतेवर प्रकरण आहे, उत्क्रांतीवर आहे. मेंडेलचा वाटाणा, रक्तगट, सिकलसेल, पुढे हार्डी-वाइनबर्गचे तत्त्व. हे तत्त्व सांगते की समूहात जोड्या कसलीही निवड न होता जुळत असतील, आणि इतर काही अटी पाळल्या जात असतील, तर जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहते. नगर जिल्ह्यात जामखेडला, पाथर्डीला, शेवगावला मुले ही अट पाठ करतात. त्याच मुलांच्या घरी येणारी जवळजवळ प्रत्येक लग्नपत्रिका ती अट मोडत असते! समूह डोंगर-समुद्रामुळे वेगळे पडतात, असे मूल शिकते. गावकुसामुळेही पडतात, हे त्याला कोणी सांगत नाही.

आणि हे सांगण्यासाठी बाहेरून काही आणायचे नव्हते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्यांचा सिद्धान्त असा की, बहिर्विवाहाच्या जुन्या चालीवर अंतर्विवाह लादला गेला आणि त्यातून जात झाली. म्हणजे माणसे आधी मिसळलेली होती. दारे मागाहून बंद झाली. २०१३ साली हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी भारतातील ७३ समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले समूह मोठ्या प्रमाणावर मिसळत होते आणि नंतर हे मिसळणे थांबत गेले, असा त्याचा निष्कर्ष. जे प्रयोगशाळेने शतकाअखेरीस दाखवले त्याची दिशा एका अस्पृश्य विद्यार्थ्याने विवाहाच्या चालीरीती वाचून आधीच सांगितली होती. पाठ्यपुस्तकाला याहून चांगली गोष्ट कुठे मिळणार होती?

इथे आपल्याही एका घोषणेकडे पाहिले पाहिजे. 'रक्ताला जात नसते' असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. रक्तपेढीपुरते ते खरे आहे. पिशवीवर रक्तगट असतो, आडनाव नसते. पण शास्त्र याहून अधिक सांगते, आणि ते आपल्या विरोधात मुळीच नाही. शेकडो वर्षांच्या बेटीबंदीने रक्तावर खूण ठेवली आहे. ती श्रेष्ठत्वाची नसून कोंडलेपणाची आहे. आंध्रातील वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणाऱ्या एका औषधाने जीव धोक्यात येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे, कारण एक सदोष जनुक त्या बंद वर्तुळात फिरत राहिले. सिकलसेलचे जनुक हिवतापाच्या प्रदेशात टिकले, कारण ते एकाच पालकाकडून आले तर हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. पण विवाहाचे वर्तुळ बंद असले की दोन्हीकडून ते येण्याचा संभव वाढतो. म्हणजे बेटीबंदीची किंमत वरच्यांनीही मोजली आहे. रक्तशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्याला हा हिशेब ऐकवायला हवा. 'जातिनिर्मूलन' (१९३६) या ग्रंथात बाबासाहेबांनी विचारलेच होते : बेटीबंदी वंशशुद्धीसाठी म्हणता, मग रोटीबंदी कशासाठी? पंगतीत बसल्याने वंश कसा बिघडतो?

हा प्रश्न वर्गातला नाही असे कोणी म्हणेल तर त्याने खर्ड्याकडे पाहावे. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील या गावी सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून, असा आरोप होता. अनेक साक्षीदार उलटले आणि २०१७ साली सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. अकरावी-बारावीचे वय हेच ते वय. त्याच वयात आपण मुलांना प्रभावी आणि अप्रभावी जनुकांचे चौकटीतले गणित शिकवतो, आणि त्या चौकटीबाहेर कोणाशी बोलायचे, कोणाशी नाही, याचा अभ्यासक्रम गाव चालवते.

त्यात भाषेची खोट. दहावीपर्यंत 'तंतुकणिका' म्हणणारी मुलगी अकरावीत 'मायटोकॉन्ड्रिया' घोकू लागते. विज्ञानाचे माध्यम बहुतेक ठिकाणी इंग्रजी. तिचे पहिले वर्ष शब्दांशी झगडण्यातच जाते. पुढे नीट. तिच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणून विषयाला मान मोठा. पण तो मान पर्याय ओळखण्याचा. ऐपत असणाऱ्यांसाठी क्लास आहेत. बाकीच्यांच्या हाती पुस्तक तेवढे राहते, आणि म्हणूनच त्या पुस्तकात काय आहे याची फिकीर आपण केली पाहिजे.

अभ्यास मंडळ बदलेल तेव्हा बदलेल. जीवशास्त्र शिकवणारे आपले कितीतरी कार्यकर्ते-प्राध्यापक आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. हार्डी-वाइनबर्गचा तास घेताना त्यांनी फळ्यावर एक आकृती जास्त काढावी : एक गाव, त्यातल्या वस्त्या, आणि गेल्या तीन पिढ्यांतली लग्ने कुठून कुठे झाली त्याचे बाण. नावे नकोत, बाण पुरेत. मग अट पाळली गेली की मोडली, हे मुलांना विचारावे.