अरुण दाते यांची भावगीते : भावपूर्ण की भावविवश?



आजचा विषय अरुण दाते यांची भावगीते. आम्ही त्यांचे चाहते आहोत, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तटस्थपणाचा आव आणल्याचा आरोप नको. पण चाहता असणे म्हणजे विचार बंद ठेवणे नव्हे. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले, त्यामुळे आवडत्या गोष्टीलाही प्रश्न विचारायची खोड लागली आहे. या गाण्यांना अनेक जण 'मध्यमवर्गीय हळवेपणा' म्हणून बाजूला सारतात. तेव्हा प्रश्न असा की ही गाणी भावपूर्ण आहेत, की नुसती भावविवश?

आधी हे दोन शब्द वेगळे करून घेऊ. पुष्कळांना वाटतं, भावना थोडी असली की भावपूर्ण आणि जास्त झाली की भावविवश. जणू मिठाचा प्रश्न आहे! आम्हाला हे पटत नाही. फरक प्रमाणाचा नाही, दिशेचा आहे. भावपूर्ण माणसाचे लक्ष ज्याच्याविषयी भावना आहे त्याच्याकडे असते. भावविवश माणसाचे लक्ष स्वतःच्या भावनेकडे असते, 'बघा, मला किती वाईट वाटतंय' याच्याकडे. अभिनवगुप्ताने लौकिक शोक आणि करुण रस यांत भेद केला तो याच वाटेवरचा आहे. स्वतःचे दुःख कुरवाळत बसलात तर रसापर्यंत पोचत नाही. ते दुःख 'माझे' किंवा 'त्याचे' न राहता सर्वांचे व्हावे लागते. साधारणीकरण म्हणतात ते हेच.

आता गाण्यांकडे येऊ. 'शुक्रतारा' हे त्यांचे पहिले गाजलेले भावगीत, 1962 चे. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि सोबत सुधा मल्होत्रा. एक गंमत लक्षात घ्या. दाते 1934 साली इंदूरला जन्मले. वडील रामूभय्या दाते मोठे रसिक. अरुण दाते आधी उर्दू गझल गायचे, कुमार गंधर्वांकडे शिकलेले. सुधा मल्होत्रा हिंदी चित्रपटांत गाणाऱ्या. म्हणजे मराठी मध्यमवर्गाचे अगदी घरचे वाटणारे हे गाणे गायले ते महाराष्ट्राबाहेरून आलेल्या दोघांनी! आम्हाला वाटते, गझलेच्या सवयीचा इथे मोठा उपयोग झाला. गझल गाणारा शब्द फेकून देत नाही, तो शब्द ऐकणाऱ्याच्या हातात ठेवतो. दात्यांचा आवाज काही फार मोठ्या पल्ल्याचा नाही, ताना नाहीत, चमत्कार नाहीत. पण एकही शब्द चुरगळत नाही.

'भातुकलीच्या खेळामधली' हे गाणे घ्या. पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल. विषय ताटातुटीचा, तोही लहान मुलांच्या खेळातल्या राजा-राणीचा. रडायला याहून सोपी जागा कुठली? एखाद्या गायकाने निरोपाच्या ओळीवर हुंदका घातलाच असता आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. दाते तो घालत नाहीत. ते गोष्ट सांगणाऱ्याच्या जागेवरून हलत नाहीत. हा राजा मी आहे, असं ते कुठेही सुचवत नाहीत. म्हणून तर तो राजा ऐकणाऱ्या प्रत्येकाला होता येतो.

किंवा 'या जन्मावर' घ्या. पुन्हा पाडगावकर आणि देव. यावर मोठा आक्षेप असा की हा स्वस्त आशावाद आहे. पण गाणे कशाकडे बघते ते पाहा. वारा, पाऊस, भिजलेली माती. 'मी किती सुखी' असा त्याचा सूर नाही. कर्म करीत शंभर वर्षे जगण्याची इच्छा धरावी, असे ईशोपनिषद सांगते. तिथे जसा विध्यर्थ आहे तसाच इथेही आहे. प्रेम करावे, म्हणजे ते आपोआप होत नाही, करावे लागते. दाते हे गाणे उत्सवासारखे गात नाहीत, दुखण्यातून उठलेल्या माणसाने स्वतःलाच समजवावे तसे गातात. आशावाद स्वस्त ठरत नाही तो या स्वरामुळे.

मग सगळेच छान आहे का? नाही. रेडिओवर एखादे भावगीत बातम्या, शेतीचा कार्यक्रम यांच्या मध्ये अवचित कानावर पडायचे. पुढे कॅसेट आल्या आणि तोच भाव एका पाठोपाठ एक, डझनभर गाण्यांत मिळू लागला. तिथे त्याची सवय होते. बासुंदीच्या चौथ्या वाटीला चव कुठली?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या 1962 साली 'शुक्रतारा' आले, त्याच वर्षी नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' प्रसिद्ध झाला. मुंबई तीच. सुर्वे गिरणीत राबलेले. दाते टेक्स्टाइल इंजिनिअर, वस्त्रोद्योगात नोकरी केलेले. धागा एकच, पण भावगीतात गिरणीचा भोंगा कधी ऐकू आला नाही. भूक नाही, जात नाही. चांदणे मात्र भरपूर. ही उणीव आहे, आणि चाहत्यांनी ती नाकारू नये.

मात्र जे नाही त्याबरोबर जे आहे तेही मोजले पाहिजे. आपल्याकडे पुरुषाच्या आवाजाला पोवाडा होता, अभंग होता, नाट्यगीत होते. पण एका बाईशी बरोबरीच्या नात्याने, आवाज न चढवता बोलणारा पुरुष गाण्यात फारसा नव्हता. दात्यांनी तो आवाज घरोघर पोचवला. ज्या घरांत वडिलांचा आवाज म्हणजे दरारा, त्या घरांत ही लहान गोष्ट नव्हे.

शेवटचा मुद्दा. भावविवशता नेहमी गाण्यातच असते असे नाही, ती ऐकणाऱ्यातही असते. रात्री दात्यांच्या गाण्याने डोळे ओले करणारा गृहस्थ सकाळी चहा थंड झाला म्हणून बायकोवर खेकसत असेल, तर त्याने गाणे ऐकले कुठे? स्वतःच्या हळवेपणाचे कौतुक तेवढे केले. अरुण दाते 6 मे 2018 रोजी गेले. त्यांच्या बाजूने जे करायचे ते त्यांनी करून ठेवले. हळू कसे बोलावे, हे गाऊन दाखवले. ही गाणी भावपूर्ण की भावविवश, याचे उरलेले अर्धे उत्तर आता ऐकणाऱ्याने घरी जाऊन द्यायचे आहे.

वेळ झाली. इथेच थांबतो.