कळवलं म्हणजे ठरवलं का?

संशोधन-प्रस्तावात मी एक वाक्य ठोकून लिहिलं होतं: संबंधिताला कळवला की प्रशासकीय निर्णय हा निर्णय होतो. आधार, बच्चित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९६२). मार्गदर्शक मॅडमनी समासात एवढंच लिहिलं, 'आणि ठरवलं कोणी?' त्या तीन शब्दांत माझं अर्धं प्रकरण गेलं.

आधी तो खटला बघू. पेप्सू राज्यातल्या एका महसुली कर्मचाऱ्याला बडतर्फ केलं, त्याने सरकारकडे अपील केलं. महसूलमंत्र्यांनी फाईलवर शेरा मारला: बडतर्फी फार कडक होते, त्याला मूळ पदावर पाठवा. तसा आदेश निघण्याआधीच १ नोव्हेंबर १९५६ला पेप्सू पंजाबात विलीन झालं, फाईल नव्या सरकारकडे गेली आणि मुख्यमंत्र्यांनी बडतर्फी कायम केली. सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्या. मुधोळकरांनी लिहिलं की शासनाचा आदेश राज्यपालांच्या नावाने निघायला हवा आणि संबंधिताला कळवायला हवा. तोवर मत बदलता येतं. शेरा म्हणजे आदेश नव्हे. कर्मचारी हरला.

या दोन अटींपैकी पहिली वाटते तितकी पक्की नाही. दत्तात्रय मोरेश्वर विरुद्ध मुंबई राज्य (१९५२) या स्थानबद्धतेच्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं होतं की अनुच्छेद १६६ मधला नमुना पाळला नाही, एवढ्यावरून आदेश रद्द ठरत नाही. म्हणजे सगळा भार कळवण्यावर येतो.

आणि कळवण्याचा नियम दुधारी आहे. अमरसिंग हरिका खटल्यात (१९६६) बडतर्फीचा आदेश ३ जून १९४९चा, संबंधिताला कळला २८ मे १९५१ला. न्यायालय म्हणालं, नुसता फाईलमध्ये पडून असलेला आदेश लागू होत नाही. इथे नियमाने कर्मचाऱ्याला वाचवलं. बच्चित्तर सिंगमध्ये त्याच नियमाने सरकारला मत फिरवायची मोकळीक दिली. दोन्ही खटले एकाच तळटीपेत कोंबलेले निबंध मी बरेच वाचलेत (एक लिहिलाही आहे). हा फरक त्यांत क्वचितच उलगडलेला दिसतो.

पण मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर या तिन्हीत नाही. ते आहे अंधेरीच्या एका थिएटरच्या खटल्यात, पोलीस आयुक्त विरुद्ध गोरधनदास भानजी. जुलै १९४७ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी थिएटर बांधायला परवानगी दिली. सप्टेंबरमध्ये त्यांचंच पत्र आलं: शासनाच्या निदेशानुसार कळवतो की परवानगी रद्द. पत्र आयुक्तांचं, पोचलेलंही. कळवण्याची अट शंभर टक्के पूर्ण! पण नियमांप्रमाणे रद्द करायचा अधिकार आयुक्तांचा होता, शासनाचा नव्हे. आयुक्तांनी मागाहून शपथपत्रावर 'निर्णय माझाच' असं सांगून पाहिलं. न्या. विवियन बोस यांनी १९५१ मध्ये ते मानलं नाही. आदेश त्यातल्या शब्दांवरून वाचायचा, अधिकाऱ्याच्या नंतरच्या खुलाशावरून नाही. ज्याला अधिकार होता त्याने ठरवलंच नव्हतं. पोचली ती दुसऱ्याच्या हुकमाची बातमी. मग न्यायालयाने आयुक्तांना सांगितलं, आता स्वतःच्या बुद्धीने ठरवा.

'कळविण्याचे मला निदेश आहेत' हे वाक्य दिसलं की पत्र बेकायदा, असा अर्थ मात्र काढू नका. मंत्रालयातून अवर सचिव शासनाचा निर्णय असाच कळवतात, आणि अधिकार शासनाचाच असेल तर त्यात काही गैर नाही. गोरधनदासमध्ये निदेश देणारा एक आणि अधिकारी दुसरा, म्हणून ते पत्र कोसळलं.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीला अधिछात्रवृत्ती थांबवल्याचं पत्र आलं, 'वरिष्ठ कार्यालयाच्या सूचनेनुसार'. माहिती अधिकारात मिळालेल्या फाईलवर तिच्या बाजूचा एक शेराही होता, आणि ती त्यावरच भिस्त ठेवून बसली होती. मी म्हटलं, तो शेरा बाजूला ठेव. आधी नियमावली काढ आणि थांबवायचा अधिकार कोणाच्या नावावर आहे ते बघ.