१२२४ मासिक चक्रं आणि उरलेल्या २९ जणी

मागच्या आठवड्यात जर्नल क्लबला मी एक जुना पेपर घेतला होता. १९९४ सालचा, पीएनएएसमधला, जी. पी. तलवार आणि सहकाऱ्यांचा. विषय: गर्भधारणा रोखणारी लस. पहिल्याच स्लाइडवर मी ऐटीत लिहिलं होतं, 'परिणामकारकता ९९.९%'. पुढच्या स्लाइडवर १४८ आणि ११९ हे आकडे आले, तेव्हा मागून एम.एस्सी.ची एक मुलगी म्हणाली, "ताई, मग त्या २९ जणींचं काय?" मला काही सांगता आलं नाही. म्हणून ही पोस्ट.

आधी पेपरची बाजू, कारण कल्पना खरंच देखणी आहे. गर्भ रुजायच्या सुमारास एचसीजी हे संप्रेरक तयार करू लागतो. त्याच्यामुळे अंडाशयातला पीतपिंड, म्हणजे कॉर्पस ल्यूटियम, टिकतो आणि प्रोजेस्टेरॉन चालू राहतं. एचसीजीला प्रतिपिंडांनी धरून ठेवलं की गर्भ टिकत नाही, पाळी येते. एरवी हे संप्रेरक बाईच्या शरीरात जवळपास नसतंच, म्हणजे बाकी कारभाराला धक्का नाही. अडचण एकच: स्वतःच्या रेणूवर शरीर सहसा हल्ला करत नाही. म्हणून एचसीजीच्या बीटा उपएककाला मेंढीच्या एलएच संप्रेरकाचं अल्फा उपएकक जोडलं आणि ती जोडी धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या टॉक्सॉइडवर बसवली. शरीराला हे सगळं परकं वाटतं आणि प्रतिपिंडं बनतात.

आता माझी चूक. पेपर म्हणतो, १२२४ चक्रांत एकच गर्भधारणा. मी १ भागिले १२२४ केलं आणि ९९.९ लिहून मोकळी झाले. पण ते प्रमाण दर चक्राचं आहे. १२२४ चक्रं म्हणजे साधारण १०२ स्त्री-वर्षं. म्हणजे १०० बायकांमागे वर्षाला सुमारे एक गर्भधारणा. कुठलंच साधन न वापरता वर्षभरात १०० पैकी ८५ जणींना दिवस जातात, तेव्हा परिणाम खरा आहे, यात शंका नाही. फक्त तो जवळपास तांबीइतका आहे, चमत्कार नाही.

खरी गोम पुढे आहे. ही १२२४ चक्रं कुणाची? ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडांची पातळी मिलीलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या वर होती, फक्त त्यांची. १४८ जणींना लस दिली, प्रतिपिंडं सगळ्यांत बनली, पण त्या रेषेच्या वर ११९ गेल्या. म्हणजे ८०%. उरलेल्या २९ जणी या भागाकाराच्या छेदात नाहीतच! लेखकांनी काही लपवलेलं नाही, आकडा पेपरमध्ये आहे. पण वाचणारा १२२४ लक्षात ठेवतो, २९ नाही. मीही तेच केलं.

गोळी घ्यायची विसरले तर बाईला ते कळतं. आपलं टायटर ३५ च्या खाली गेलंय हे कसं कळणार? रक्त तपासल्याशिवाय नाहीच. आणि प्रतिपिंडं चढेपर्यंतचे काही महिने दुसरं साधन लागतं ते वेगळंच.

हेच तत्त्व घोड्यांवर मात्र झकास चाललं. अमेरिकेतल्या अ‍ॅसाटीग बेटावर मोकाट घोड्यांच्या माद्यांना १९८०च्या दशकाच्या अखेरीस लांबून बंदुकीने लस मारायला सुरुवात झाली. तिथे लक्ष्य झोना पेल्युसिडा, म्हणजे अंड्याभोवतीचं आवरण. ते मिळवतात डुकरांच्या अंडाशयातून. काही माद्यांना प्रतिसाद आला नाही तरी बिघडत नाही, कारण मोजायची असते कळपाची संख्या. पाचातली एक व्याली तर व्यवस्थापक पुढच्या वर्षाचं गणित बदलतो. दवाखान्यात ती पाचवी बाई समोर बसलेली असते. दोन्हीकडे प्रतिकारयंत्रणेची विविधता तीच, पण 'यशस्वी' या शब्दाचा अर्थ वेगळा. प्राण्यांवरचे पेपर वाचून माणसांबद्दल निष्कर्ष काढताना आपण इथेच घसरतो.

आणखी एक खटकलेली गोष्ट. टायटर ३५ च्या खाली गेल्यावर प्रजननक्षमता परत आली, आणि पेपर ते लसीची परतफेडक्षमता म्हणून मांडतो. बरोबर आहे. पण तशीच गर्भधारणा, मूल नको असलेल्या बाईच्या बाबतीत, अपयश ठरते. कुणी बूस्टर मुद्दाम थांबवला आणि कुणाचं टायटर आपसूक घसरलं, हे दोन रकाने वेगळे हवेत. १९९३ पासून भारतातल्या आणि बाहेरच्या स्त्री-संघटनांनी या संशोधनाला जो विरोध केला, त्यातला मोठा भाग याच नियंत्रणाच्या प्रश्नाबद्दल होता: सुरू आणि बंद कोण करणार, बाई की तिचं टायटर? त्यांची सगळी मागणी, म्हणजे संशोधनच थांबवा ही, मला पटत नाही. प्रश्न मात्र पटतो.

नंतर याच लसीची पुनर्संयोजित आवृत्ती आली, बीटा एचसीजीला ई. कोलायच्या विषाचं बी उपएकक जोडलेली. तिचे माणसांवरचे निकाल हाती आले की गर्भधारणांचा आकडा मी नंतर बघेन. आधी बघणार, किती जणींना दिली आणि किती जणी रेषेच्या वर गेल्या.

स्लाइड बदलली आहे. आता तिच्यावर तीन आकडे आहेत: १४८, ११९, २९. टक्केवारी काढून टाकली.