सूर्यानुगामी प्रकल्पांतील कालगणना : एक चिकित्सा

प्रस्तावना

विज्ञान व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी-प्रकल्पांत सूर्यानुगामी यंत्रणा हा विषय आता रूढ झाला आहे. सूर्य सरकेल तसे सौरपटल फिरवणे, हा तिचा हेतू. त्याचे दोन मार्ग आहेत. प्रकाशसंवेदकांनी उजेडाची दिशा शोधणे हा पहिला; मायक्रोकंट्रोलरने घड्याळावरून सूर्याचे स्थान गणिताने काढणे हा दुसरा. पहिला मार्ग ढगाळ आकाशात भरकटतो. त्यामुळे महाराष्ट्रातील पावसाळा लक्षात घेता दुसऱ्याचे महत्त्व स्वयंस्पष्ट आहे. मात्र या दुसऱ्या मार्गाच्या प्रकल्प-अहवालांत घड्याळ किती अचूक आहे याची चर्चा होते, ते कोणती वेळ सांगते याची सहसा होत नाही. प्रस्तुत लेखाचा आक्षेप नेमका हाच आहे.

घड्याळाची अचूकता

मायक्रोकंट्रोलरला स्वतःचा असा दिनांक नसतो; तो केवळ स्पंदने मोजतो. आर्डुइनोमधील मिलिसेकंदांची गणना सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येते आणि वीज खंडित झाल्यास तत्क्षणी पुसली जाते. म्हणून बटणसेलवर चालणारे स्वतंत्र रिअल टाइम क्लॉक जोडतात. डीएस १३०७ या चिपला ३२,७६८ हर्ट्झचा बाह्य स्फटिक लागतो. त्यात दशलक्षात २० भागांची चूक असल्यास वर्षाकाठी सुमारे साडेदहा मिनिटांचा फरक पडतो. शिवाय हा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास जुळवलेला असल्याने तो तापला काय किंवा गारठला काय, मागेच पडतो. उन्हातील पेटीत ही बाब गौण नव्हे. तापमानाची भरपाई करणाऱ्या डीएस ३२३१ मध्ये ० ते ४० अंशांपर्यंत ही चूक वर्षाला साधारण एका मिनिटावर येते.

वेळ कोणती?

पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. म्हणजे वरील एक मिनिटाची चूक पाव अंशाची झाली. आता दुसरी बाजू पाहू. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे; मुंबई ७२.९ अंशांच्या आसपास. हा फरक सुमारे ३९ मिनिटांचा. १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही मुंबईने आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत जपली, ती याच अंतराची. नागपूरला हाच फरक १४ मिनिटांपर्यंत उतरतो. यात काल-समीकरणाची भर पडते : सौरवेळ फेब्रुवारीच्या मध्यास घड्याळाच्या सुमारे १४ मिनिटे मागे, तर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे पुढे असते. परिणामी मुंबईत सूर्य मध्यान्ही येतो तो फेब्रुवारीत १२ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास आणि नोव्हेंबरात १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास. ज्या आज्ञावलीत 'मध्यान्ह म्हणजे १२' असे गृहीत धरले आहे, तिचे पटल फेब्रुवारीत १३ अंशांनी चुकलेले असेल. पाव अंशासाठी घड्याळ बदलायचे आणि तेरा अंशांकडे पाहायचेही नाही, हा विवेक नव्हे. गावागणिक सूर्योदयाची वेळ बदलते हे पंचांग पाहणाऱ्या सामान्य माणसालाही ठाऊक असते.

सपाट पटलावर १३ अंशांच्या चुकीने केवळ अडीच टक्के ऊर्जा घटते, असा प्रतिवाद होऊ शकेल. तो खरा आहे. परंतु मग सेकंदांच्या अचूकतेचा आग्रहही निरर्थक ठरतो. याउलट, प्रकाश एका बिंदूवर एकवटणाऱ्या परावर्तकाला ही सूट नाही. सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचे असल्याने तेथे दोन्ही चुका सांभाळाव्या लागतात. किती अचूकता हवी हे उपयोगावरून ठरते, चिपच्या किमतीवरून नव्हे.

मूल्यमापन

या उणिवेचे दायित्व केवळ विद्यार्थ्यांवर टाकता येणार नाही. परीक्षेत पटल फिरले की गुण मिळतात. बंद खोलीत कालगणनेची चूक उघडकीस येतच नाही. त्यावर उपाय साधा आहे. पटलावर लंब रेषेत एक काडी, म्हणजेच आपल्या ज्योतिर्गणितातील शंकू, बसवावा आणि दिवसातून तीन वेळा तिची सावली नोंदवावी. एकाच अक्षाभोवती फिरणारे पटल योग्य दिशेस असल्यास सावली पूर्वेस वा पश्चिमेस ढळणार नाही. ढळल्यास चूक किती मिनिटांची, हेही काढता येईल.

निष्कर्ष

घड्याळाची चिप निवडणे हा खरेदीचा प्रश्न आहे. कोणती वेळ मोजावयाची हा विज्ञानाचा. प्रकल्प-अहवालात स्थळाचा रेखांश, काल-समीकरण आणि सावलीची नोंद या तीन बाबी अनिवार्य केल्यास सूर्यानुगामी प्रकल्प नुसती फिरणारी प्रतिकृती न राहता खगोल, भूगोल व इलेक्ट्रॉनिक्स यांचा एकत्रित पाठ ठरेल.