रक्तगुठळीचे विघटन : मापनपद्धती आणि क्रियापदाची शिस्त

पनवेल तालुक्यातील कोन किंवा कोकणातील तत्सम गावी घोणस अथवा फुरसे चावलेल्या रुग्णाच्या रक्ताची पहिली परीक्षा अगदी साधी असते. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत सुमारे २ मिलिलिटर रक्त घ्यावयाचे, ते २० मिनिटे न हलविता ठेवावयाचे आणि मग नळी एकदा कलती करून पाहावयाची. रक्त पातळच राहिले, तर ते साखळले नाही असा निष्कर्ष निघतो. हीच घटना ‘रक्त विरघळले’ अशा शब्दांत नोंदविली गेल्यास अर्थ मूळातूनच पालटतो. ‘साखळले नाही’ म्हणजे गुठळी झालीच नाही; ‘विरघळले’ म्हणजे ती झाली आणि पुढे मोडली. काचेच्या नळीला या दोहोंतील भेद सांगता येत नाही. तो नोंद करणाऱ्याने जपावा लागतो.

‘विरघळणे’ हे क्रियापद तसेही सदोष आहे. साखर पाण्यात विरघळते तेव्हा तिचा रेणू अखंड राहतो. गुठळीचे तसे नाही. तिच्यातील फायब्रिनचे धागे प्लाझ्मिन नावाचे विकर ठिकठिकाणी छेदते. यास्तव ‘विघटन’ हा शब्द अधिक यथार्थ ठरतो. तथापि केवळ नाम सुधारून भागत नाही. प्रयोगशाळेतील प्रत्येक पद्धती या क्रियेची निराळीच अवस्था मोजते.

युग्लोब्युलिन पद्धतीत प्लाझ्मा सौम्य करून थंड स्थितीत आम्लित करतात. खाली बसलेल्या साक्यात फायब्रिनोजेन, प्लाझ्मिनोजेन व त्याचा उद्दीपक येतो. प्रतिरोधकांचा बराच भाग वरच्या द्रवाबरोबर टाकून दिला जातो. साका पुन्हा विरघळवून त्याची गुठळी करतात व ती मोडावयास लागणारा वेळ मोजतात. आस्ट्रुप व म्युलर्ट्झ यांनी १९५२ साली मांडलेल्या फायब्रिन-तबकडी पद्धतीत नमुन्याच्या थेंबाभोवती मोडलेल्या क्षेत्राचा विस्तार मोजतात. व्याकरणाच्या भाषेत दोन्ही उत्तरे शक्यार्थी आहेत : गुठळी मोडू शकते. शरीरात ती मोडत आहे, असे त्यांवरून सिद्ध होत नाही. कारण शरीरात प्रतिरोधक हजर असतात.

हार्टेर्टने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफीत डोलणाऱ्या पात्रातील संपूर्ण रक्ताची घट्टता बनताना व ढिलावताना आलेखावर उमटते. हे उत्तर अपूर्ण वर्तमानाचे आहे : गुठळी मोडत आहे. परंतु मंद विघटन या आलेखातून निसटू शकते. डी-डायमर परीक्षेत मात्र प्लाझ्मिनने छेदलेल्या, परस्परांत जखडलेल्या फायब्रिनचे तुकडे मोजले जातात. हे उत्तर पूर्ण भूतकाळाचे होय : गुठळी झाली होती आणि मोडली होती. ती कोठे झाली व का झाली, हे त्यातून कळत नाही. गर्भारपण, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग यांतही हे प्रमाण वाढते.

या तिन्ही उत्तरांना ‘गुठळी विरघळण्याची चाचणी’ असे एकच नाव देणाऱ्या मराठी लेखनाचा दोष येथे उघड होतो. परिभाषा केवळ नामांची घडविली गेली. क्रियापदाचे काळ व अर्थ दुर्लक्षित राहिले.

हा वाद केवळ शाब्दिक नाही. घोणस व फुरसे यांच्या विषामुळे साखळण्याची यंत्रणा अनावर चालू होते आणि फायब्रिनोजेन खर्ची पडते. विघटन त्यामागोमाग येते. म्हणून नळीतील पातळ रक्त प्रतिविष देण्याची निकड दर्शविते. ‘विरघळले’ ही नोंद वाचून कोणी विघटन रोखणाऱ्या औषधाकडे वळला, तर विष तसेच राहील व वेळ वाया जाईल.

सबब प्रत्येक अहवालात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : नमुना संपूर्ण रक्ताचा की प्लाझ्माच्या अंशाचा, प्रतिरोधक राखले की काढले, आणि गुठळी प्रत्यक्ष बनलेली पाहिली की नाही. त्यांवरून ‘मोडू शकते’, ‘मोडत आहे’, ‘मोडली होती’ आणि ‘साखळलेच नाही’ यांपैकी योग्य क्रियापद निवडता येईल. हे चारही प्रयोग मराठीत पूर्वीपासून आहेत. त्यांसाठी नवा शब्द घडविण्याची गरज नाही.